आत्यांच्या पोटाला पटेल ती गाडी

लोक गाडी घेताना मायलेज बघतात, रंग बघतात, शेजाऱ्याच्या दारात काय उभं आहे ते बघतात. आमच्या घरात गाडी घ्यायची ठरली तेव्हा एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे माझ्या सासूबाईंचं पोट.

सासूबाईंचं नाव बनुबाई. मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना, म्हणजे केरबांना, मामा. आत्या म्हणजे लोखंडी बाई. उसाला पाणी पाजायला रात्री-अपरात्री एकट्या जातात, मारक्या म्हशीची धार काढतात, कुंडलच्या आठवडी बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायला कुणी धजत नाही. पण चाकावर बसल्या की संपलं. त्यांना गाडी लागते. एसटी, जीप, सहाआसनी रिक्षा, काहीही असो, गाव मागं पडायच्या आत पदर तोंडाला जातो. जिभेखाली लवंग, मुठीत लिंबू, पोटाला वर्तमानपत्र, सगळे उपाय झाले. कशानं म्हणून गुण नाही.

माझी नणंद संयोगिता पाचगणीच्या एका शाळेत शिकवते आणि तिथंच राहते. लेकीचं घर आत्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं. एकदा आमच्या जीपनं निघाल्या होत्या, पण वाईच्या पुढं पसरणी घाट लागला आणि पहिल्या दोन-चार वळणांतच त्यांची अशी अवस्था झाली की जीप माघारी वळवावी लागली. संयोगिताचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. आता दुसरं आलं, आणि डॉक्टरनं तिला अंथरूण सोडू नको, प्रवासाचं तर नावच काढू नको, असं बजावलं. ती फोनवर रडायला लागली. "आई, आता तूच ये."

"येते की," आत्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि वैरण टाकायच्या निमित्तानं गोठ्यात गेल्या. वैरण तर मी मघाशीच टाकली होती. मी मागोमाग गेले तर म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून बाई रडत होती. त्या दिवशी मी ठरवलं, आत्यांसाठी दुसरी गाडी घ्यायची.

आमच्या भागात चारचाकी म्हणजे उंच पाहिजे. लांबूनच दिसली पाहिजे, आणि आतला माणूस खालच्या माणसाकडं वाकून बघू शकला पाहिजे. मागं डिकी असलेल्या बसक्या सेडानला आमच्याकडं मास्तरांची गाडी म्हणतात. मामांनी तर ऐकल्या ऐकल्या नाक मुरडलं. "ती काय गाडी हाय? बांधावर नेली की पोट घासतंय."

"बांधावर तुमी जीपनं जावा," मी म्हणाले. "आत्यास्नी पाचगणीला जायचंय." माझं तोंड जरा फटकळच आहे. त्याबद्दल माहेरीही बोलणी खाल्ली आहेत, पण सुधारणा नाही.

माझे यजमान शंभूराज फौजेत हवालदार आहेत, तिथल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. तेव्हा रजेवर आले होते. एरवी बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा हा माणूस गाड्यांच्या बाबतीत मात्र खरं तेच बोलतो. "आबा, क्रांती बरोबर बोलतीया. उंच गाडी वळणावर झुलती. सेडानचं बूड खाली असतंय, ती रस्ता धरून चालती."

मग सांगलीला शोरूममध्ये गेलो. नवी कोरी गाडी बघून खरं सांगते, माझाच जीव तिच्यावर जडला. दार लावलं की धप्प असा भरीव आवाज. मागच्या माणसालाही गार वारं यायची सोय. पाय लांब करून बसलं तरी गुडघा पुढं टेकत नव्हता. इंजिन चालू आहे की बंद, ते काट्याकडं बघितल्याशिवाय कळेना. शंभूराज चालवायला बसले, मामा त्यांच्या शेजारी, आत्या आणि मी मागं. दुसरं कसं असणार? आमच्याकडं पुढची सीट कर्त्या पुरुषाची. जीप नुसती दारात उभी असली तरी त्या जागेवर कुणी पोर बसत नाही.

मिरज रस्त्याला लागलो. गाडी अशी चालत होती की मांडीवरच्या वाटीतलं दूध सांडलं नसतं. मी खूश होऊन आत्यांकडं वळले, तर पदर नाकाला लागलेला. नव्या गाडीत तो वास असतो ना, प्लॅस्टिकचा, सीटच्या कापडाचा, वर कुणीतरी मारलेल्या अत्तराचा, तो त्यांच्या डोक्यात गेला होता.

"आवं, थांबवा गाडी!" मी ओरडले.

आत्या रस्त्याकडेला बसल्या. शोरूमचा माणूस मागून मोटरसायकलवर येत होता. तो धावत आला आणि त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर घातलं. "मावशी, माझ्या आईला बी असंच हुतंय. नव्या गाडीचा वास जायला दिवस लागतात," म्हणाला. गुणी पोरगा. आणि आमचे मामा पुढच्या सीटवरून, मान न वळवता, काय म्हणाले? "हिचं हे कायमचंच हाय."

मला असा राग आला! पण आत्याच तोंड पुसत म्हणाल्या, "गाडीला नावं ठेवू नगा. गाडी लय चांगली हाय. मीच वंगाळ."

नवी नाही तर जुनी. वास उडून गेलेली, पण अंग शाबूत असलेली. मामांची हळद वर्षानुवर्षं सांगलीच्या जिनदत्त शेठजींच्या अडतीला जाते. त्यांची सेडान विकायची आहे असं कळलं. मुलं पुण्याला, आणि शेठजींनी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून चालवणं सोडलेलं. आम्ही विश्रामबागेत त्यांच्या घरी पोचलो तर गाडी अंगणात चारी दारं उघडी टाकून उभी होती. राखाडी रंग, सुती खोळी घातलेल्या सीटा, आत ना अत्तर, ना तंबाखू.

शंभूराजांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन गार आहे याची खात्री केली. तापवून ठेवलेलं इंजिन खोड्या लपवतं म्हणे. मग चालू केलं, कान लावून ऐकलं, धूर बघितला, खाली झोपून तेल गळतंय का बघितलं. त्यानंतर त्यांनी सीटचा पट्टा ओढ ओढ ओढला, पार शेवटापर्यंत, आणि त्याचा वास घेतला.

"हे काय आणि?" मी विचारलं.

"सांगलीची गाडी हाय. पुरात बुडाली असली तर पट्ट्याच्या बुडाशी गाळ सापडतो. धुणारा सगळं धुतो, हे इसरतो."

जिनदत्त शेठजी हसले. "बघा, बघा, नीट बघा. पूर आला तेव्हा ती मिरजेला माझ्या बहिणीच्या दारात उभी होती. तिला नदी ठाऊक नाही." पायपुसणी उचलून, डिकीतलं जादा चाक बाहेर काढून, शंभूराजांनी खालचा पत्रासुद्धा बोटानं चाचपला. उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे कौतुक होतं तसं त्यांनी लग्नात माझ्याकडं बघूनही दाखवलं नव्हतं. "शेठजी, फौजेत बी एवढी निगा न्हाई ठेवत."

मी तोवर ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून बघत होते. बसले आणि अडकलेच. सीट इतकी पुढं ओढलेली की माझे गुडघे समोर टेकले. बुडाखाली छोटी उशीही होती, खोळीच्या आत शिवून टाकलेली. शेठजी तर चांगले उंचेपुरे. मला कळेना.

"शेठजी, हितं कोण बसायचं?"

उत्तर दारातून आलं. शेठजींच्या बायको चंदनबालाबाई सगळ्यांना कोकमाचं सरबत घेऊन येत होत्या. छोट्याशा चणीच्या, हसऱ्या. "मीच की. मला गाडी लागायची हो. मागं बसले की शहर सोडायच्या आत सुरू. मग यांनी एकदा पुढं बसवलं, समोरचा रस्ता दिसेल अशी उशी दिली. वळण येतंय ते आधी डोळ्यांना कळलं की पोट गडबडत नाही. त्या दिवसापासून ही सीट माझी. सम्मेदशिखर सोडून सगळी तीर्थं हिच्यातून केली." मग त्यांनी आत्यांकडं बघितलं. "यांना मागं बसवता की काय?"

मी मामांकडं बघितलं, शंभूराजांनी पायांकडं बघितलं.

मामा खाकरले. "बाई पुढं आन् बाप्या मागं दिसला की गावात लोक इचारतात, कुठल्या दवाखान्यात न्हेताय म्हून."

"नगंच ते," आत्या घाईनं म्हणाल्या. "मी मागंच बसते. लिंबू घिऊन बसीन."

"आत्या," मी म्हणाले, "एकदा बसून तर बघा. कुणास ठावं, बरं वाटंल."

तेव्हा त्या सरबताच्या पेल्याकडं बघत जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बरं वाटतंय. मला म्हाईत हाय. पयल्या दिवाळीला भाऊ ट्रक घिऊन न्यायला आलता. डायवरच्या शेजारी बसून म्हायेरी गेले. काय सुदीक झालं न्हाई. वाटंनं गाणी म्हणत गेले."

"मग एवढी वर्सं बोलला का न्हाई?" माझा आवाज चढला होता.

"काय बोलू पोरी? ती जागा मालकांची."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ऊस तोडायचा असतो, भाकरी भाजायची असते, तशी ती जागा मालकांची. मला राग कुणाचा आला तेही सांगता येईना. नवऱ्याचा, सासऱ्याचा, का माझाच. मीही त्यांना मागं, पिशव्यांच्या शेजारी, कितीदा बसवलं होतं.

मामांनी सरबताचा पेला खाली ठेवला. गाडीला वळसा घातला, मागचं दार उघडलं आणि आत शिरताना कपाळ धाडकन वर आपटून घेतलं. टोपी पडली. ती उचलून पुन्हा घातली, ऐसपैस बसले, इकडंतिकडं बघितलं. "हितं तर लय जागा हाय की," म्हणाले. मग आत्यांकडं न बघता, "बस जा पुढं. घाट बघायचाय न्हवं?"

शेठजींनी किल्ली शंभूराजांच्या हातात दिली. "पसरणी चढवून या. व्यवहाराचं मग बोलू."

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. डिकीत डिंकाचे लाडू, बाळंतिणीसाठी अळीव, धुतलेली लुगडी फाडून केलेली दुपटी, आणि तरीही जागा उरली होती. आत्या पुढं बसल्या. चंदनबालाबाईंची सीट त्यांना अगदी मापानं बेतल्यासारखी. पायही खाली टेकले. एका मुठीत लिंबू, दुसरीत घडी घातलेली पिशवी. कराड गेलं, सातारा गेला, हायवेला गाडी अशी सुसाट आणि निवांत चालत होती की शंभूराज मधूनच स्टिअरिंगवर थोपटत होते. वाई मागं पडली.

घाट सुरू झाला. पहिलं वळण. आत्यांची नजर रस्त्यावर. दुसरं वळण. गाडी बाहेरच्या अंगाला जराही कलली नाही, टायरांनी डांबर धरून ठेवलं. जिथून जीप माघारी वळवली होती ती जागा आली. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा खांदा सैल होता.

"शंभ्या, म्होरं डावीकडं वळण हाय रं," आत्या म्हणाल्या. "आता उजवीकडं. अगं बया, त्ये बघा खाली धरणाचं पाणी! क्रांते, बघितलंस का?" आयुष्यात पहिल्यांदा त्या घाट बघत होत्या. माझे डोळे भरून आले, मी लपवलेही नाहीत.

तेवढ्यात माझ्या शेजारून बारीक आवाज आला. "शंभू. गाडी जरा बाजूला घे."

मामा पांढरेफटक पडले होते. आत्यांनी मागं वळूनही न बघता मुठीतलं लिंबू आणि पिशवी दोन्ही मागं केलं. "हुंगा. आन् डोळं मिटू नगा, लांब बघा."

संयोगितानं अंथरुणावरूनच हात पसरले. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, गाडी न्हाई लागली तुला?"

"लागली की," आत्या म्हणाल्या. "तुझ्या बाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. आत्या लेकीजवळ राहणार होत्या, पुढची सीट मोकळी होती. मामांनी सवयीनं पुढचं दार उघडलं. सीट तशीच पुढं ओढलेली होती. शंभूराज म्हणाले, "थांबा आबा, मागं सरकवून देतो."

मामा क्षणभर उशीकडं बघत राहिले. मग त्यांनी दार हळूच लावलं, तसंच धप्प, आणि मागचं उघडलं.

"असू दे. तिच्या मापाची हाय, हलवू नगंस," म्हणाले. मग माझ्यापुढं हात केला. "पोरी, लिंबू हाय का गं एखादं?"