वाकडी रेघ

“ही रेघ वाकडी का?” जनरलने विचारलं.

टेबलावर अमेरिकन चिपचा नकाशा पसरला होता. टेबल बारा माणसांच्या जेवणाचं, तरी नकाशाच्या कडा खाली लोंबत होत्या. त्यावर हजारो रेघा, सगळ्या सरळ, सगळ्या काटकोनात वळणाऱ्या. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एक बारीकशी रेघ कमरेत वाकून, टोक वर करून पडली होती. भर परेडमध्ये एखाद्या शिपायाने आळस द्यावा तशी.

मी कोपऱ्यात पेले भरत होतो. मी त्या संस्थेचा स्पिरिटवाला. भिंगं पुसायला शुद्ध स्पिरिट लागायचं आणि त्याच्या कोठीची किल्ली माझ्या कमरेला असायची. म्हणून मोठमोठे शास्त्रज्ञ मला ‘येफिम सावेल्येविच’ असं बापाच्या नावासकट हाक मारायचे. संस्था गुप्त, म्हणून तिला मात्र नाव नव्हतं, नुसता टपालपेटीचा आकडा होता. मॉस्कोजवळच्या झेलेनोग्रादच्या पाइनच्या जंगलात अशा पेट्या बऱ्याच होत्या. आमच्या पेटीत देशाचा स्वतःचा प्रोसेसर तयार होत होता. स्वतःचा म्हणजे असा, की कुणीतरी अमेरिकन चिप बुटाच्या टाचेत लपवून आणायची, आम्ही ती आम्लाने एकेक थर करत सोलायची, प्रत्येक थराचा फोटो घ्यायचा, फोटोवरून नकाशा गिरवायचा, तशीच चिप बनवायची आणि पाठीवर आपला तारा छापायचा. हुकूम एकच होता. दिसेल ते काढा, डोकं चालवू नका.

“कुणी काढली ही?” जनरल म्हणाला.

“मी काढली,” रिम्मा अर्काद्येव्ना म्हणाली. गिरवणाऱ्या बायकांची ती मुख्य. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून दिवसभर फोटोतल्या रेघा कागदावर उतरवायचं तिचं काम. चार महिन्यांपूर्वी नवरा गेलेला; अजून काळा रुमाल बांधत होती.

“डुलकी लागली होती का, बाई?”

“नाही, कॉम्रेड जनरल. फोटोत आहे तशी आहे.”

फोटो मागवला. फोटोत रेघ होती.

आमचे संचालक ग्लेब रोमानोविच घामाघूम. “कचरा असेल हो. फोटोवर कधीकधी पडतो. पुसून टाकू, आत्ताच्या आत्ता.”

“पुसाल! आणि खरी गोम तिथंच असली तर? त्या दुसऱ्या पेटीतल्या शहाण्यांनी एक जोड गाळला, तर त्यांचं यंत्र दोन आणि दोन साडेतीन सांगायला लागलं. मूळ चिप आणा.”

संचालकांनी रुमालाने कपाळ पुसलं.

“मूळ चिप संपली,” संचालक म्हणाले.

“संपली? खाल्लीत काय?”

“सोलली. कांद्यासारखं असतं ते. सोलून झाल्यावर हातात काही राहत नाही.”

“मग दुसरी आणा!”

“दुसरी टाच अजून आली नाही,” मी कोपऱ्यातून म्हणालो. संचालकांनी असं पाहिलं, की पेल्यातलं स्पिरिट पेटलं असतं.

“फोटो कुणी काढला होता? त्याला बोलवा.”

“तो वारला,” संचालक नकाशाकडे बघत म्हणाले. “यांचेच यजमान.”

जनरलने खुर्ची रिम्माकडे वळवली. मग आवाज उतरवून म्हणाला, “रिम्मा अर्काद्येव्ना, नीट विचार करून बोला. ही रेघ चुकीची निघाली आणि यंत्र अडलं, तर जाब विचारायला माझ्याहून वाईट माणसं येतील. तुम्ही जन्मभर हेच काम केलंत. हा कचरा आहे का?”

रिम्माने फोटोकडे पाहिलं नाही. तिने हात मांडीवर एकावर एक ठेवले.

“कचरा मी ओळखते, कॉम्रेड जनरल. हा कचरा नाही.”

मॉस्कोहून आलेल्या एका टकल्या प्राध्यापकाला तेवढंच हवं होतं. “मी म्हणत नव्हतो? भांडवलदार उगाच वाकडा जात नाही. त्याचा काहीतरी फायदा असणार!” ठरलं. रेघ ठेवायची. संचालकांनी मान डोलावली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, की हा माणूस पाहुण्यांची पाठ वळताच खोडरबर शोधणार.

तासाभराने रिम्मा कोठीत आली. हातात रिकामी बाटली.

“फिमा, थोडं दे.” येफिमचं ‘फिमा’ फक्त तीच करायची.

“भिंगांना?”

“मला.”

मी पेल्यात ओतलं, पाणी घातलं, सोबत लोणच्याची काकडी दिली. ती उभ्यानेच प्यायली आणि काकडी हातातच राहिली.

“वेन्याच्या पापणीचा केस आहे तो,” ती म्हणाली.

वेन्या म्हणजे तिचा नवरा, वेन्यामिन ओसिपोविच. त्याच्याबद्दल इथे सांगायलाच हवं. एक काळ असा होता, की आमच्या पेटीत खरोखरच आपला प्रोसेसर आखला जात होता, कुणाचा न बघता. पाच इंजिनिअर होते; त्यांतला वेन्या सगळ्यांत अबोल. सहा वर्षं खपला. मग वरून कागद आला, की शोध कशाला लावता, तिकडे लागलेला आहे, उतरवून घ्या. वेन्याचे नकाशे हातगाडीवर घालून बॉयलरखान्यात नेऊन जाळले. त्या दिवशी इमारतीत ऊब देणारे रेडिएटर असे तापले, की भर जानेवारीत लोक खिडक्या उघडून बसले आणि तिपाईवरच्या कुंडीला टोमॅटो लागले. टोमॅटो माझ्या पदरचे आहेत. रेडिएटर खरे.

चार इंजिनिअर सोडून गेले. वेन्या राहिला, कारण रिम्मा इथे होती. त्याला अंधारखोलीत बसवलं. परक्याच्या चिपा सोलायच्या आणि फोटो काढायचे. आम्लाची वाफ निघायची आणि पंखा बिघडलेला; दुरुस्तीचा अर्ज हिंडत होता. त्याची छाती गेली. दवाखान्यातल्या औषधांनी डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या. मधे बरं वाटलं की पुन्हा कामावर यायचा. टोपी, मुखपट्टी, हातमोजे, सगळं नियमाप्रमाणे. पापण्या झाकायचा नियम कुणी केला नव्हता.

“फोटोच्या कागदावर पडला असणार,” रिम्मा म्हणाली. “मी गिरवला तेव्हा कळलं नाही. हुकूमच आहे, दिसेल ते काढा. तो गेल्यावर नकाशा तपासायला घेतला. उशीवरनं रोज वेचत होते मी ते केस. ओळखणार नाही?”

“अगं, उद्या यंत्र अडलं तर? तुला उचलून नेतील!”

“नेतील.”

“सरळ सांग, चुकलं म्हणून. पुसून टाकतील, सुटशील.”

“बाकी सगळं त्यांचं आहे, फिमा. टाचेतनं आणलेलं. या अख्ख्या प्रोसेसरात आपल्या देशाचं एवढं एकच आहे. ते मी पुसू?”

मी तिची रिकामी बाटली भरायला घेतली. 

“आणि हे मला कशाला सांगतेस?”

“कुणाला तरी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “आणि तू गावभर बोंबललास, तरी विश्वास कोण ठेवणार?”

ते बरोबर होतं. माझ्या कोठीतली स्पिरिटची चिंधी चोचीत धरून एक कावळा उडाला, तो लेनिनग्रादला उतरला आणि तिथल्या स्टेशनमास्तरशी भांडला, असं मी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून मी ‘सुप्रभात’ म्हणालो, तरी लोक आधी खिडकीबाहेर बघून घ्यायचे.

यंत्र अडलं नाही. ती रेघ कुणाला शिवत नव्हती, कुणाकडून काही घेत नव्हती, कुणाला काही देत नव्हती. वेन्याही तसाच होता. वर्तमानपत्रात तारा छापलेल्या चिपचा फोटो आला, खाली ‘संपूर्ण स्वदेशी बुद्धी’. टकल्या प्राध्यापकाने वाकड्या रेघेच्या कार्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला बढती मिळाली. रिम्माला पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

एवढं मात्र तिला कळलं नाही, की रेघ शेवटी चिपवर गेली की नाही. नकाशा तिच्या हातून सुटला, की पुढे मोहोरबंद दारांआड जायचा. संचालकांच्या हातात खोडरबर होतंच. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं, तर उत्तराआधी प्रश्नाचीच चौकशी झाली असती.

मग देशच मोडला. आमच्या पेटीच्या तळमजल्यावर तुर्की चामड्याची जाकिटं विकायला आली. चिपांच्या पायांना सोन्याचा मुलामा होता, म्हणून माणसं गोण्या घेऊन येऊ लागली. उरलेला सगळा माल आम्लात गेला. ज्या आम्लाने परक्याच्या चिपा सोलल्या, त्यातच आपल्या वितळल्या. गोणीचं तोंड धरायला खुद्द ग्लेब रोमानोविच उभे होते. मी एक चिप बाहीत सरकवली आणि रिम्माला नेऊन दिली. तिने ती चहाच्या डब्यात ठेवली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. रिम्माची नजर गेली. सगळी नाही, कडेकडेचं दिसायचं, मधोमध मात्र राखाडी डाग. डॉक्टर म्हणाला, वय. ती म्हणाली, खालून लावलेला दिवा. मी तिच्या खालच्याच मजल्यावर राहायचो आणि दर रविवारी वर जायचो. एका रविवारी चहा ओतता ओतता ती म्हणाली, “फिमा, तो खरंच आत गेला का रे?”

मी काय समजायचं ते समजलो. बाजारात मोजे विकायला बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक होता. तो घेऊन आलो. चिपचं झाकण चाकूने उचकटलं. खिडकीपाशी टेबल ओढलं, दिवा तिरका धरला.

“चिपच्या कडेची खाच डावीकडं ठेव,” रिम्मा म्हणाली. नकाशा तिला तोंडपाठ होता. “आता वर, उजव्या कोपऱ्यात बघ.”

मी डोळा लावला. रेघा, रेघा, सगळ्या सरळ. वर उजवीकडे काही नव्हतं. पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

थाप जिभेवर आली होती. ‘दिसतोय गं, अगदी तुझ्या हातचा,’ एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर याहून मोठ्या थापा मी फुकट वाटल्या. तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझा डोळा खाली घसरला.

“रिम्मा! आहे! आहे गं!” हातातला दिवा पडता पडता राहिला. “बारीक आहे, वाकलाय!”

“कुठं?”

“खाली. खाली डावीकडं.”

तिने चेहरा माझ्याकडे वळवला. मग हळूच विचारलं, “आणि टोक?”

“टोक खाली झुकलंय. जमिनीकडं.”

रिम्मा हसली. तिने चाचपडत माझा हात शोधला आणि त्यावर थोपटलं. “पुरे, फिमा. बरं वाटलं.”

“अगं, शप्पथ!”

“तुझी शप्पथ मला माहितीय. बस, चहा गार होतोय.”

मी परत डोळा लावला. होता तो तिथे. खाली डावीकडे, टोक खाली. नकाशावर तो वर उजवीकडे होता, टोक वर. हे कसं, ते मला कळेना आणि मी चहा प्यायलो.

कळलं ते पुढच्या आठवड्यात. सूक्ष्मदर्शक माझ्याकडेच होता. सहज म्हणून वर्तमानपत्राचा कपटा त्याखाली ठेवला, तर अक्षरं पाय वर करून उभी! त्या भिंगातून सगळंच उलटं दिसतं. वरचं खाली, उजवं डावं. वेन्याला हे झोपेतही ठाऊक होतं. पण रिम्माने जन्मभर फोटो पाहिले, यंत्राला कधी डोळा लावला नाही. आणि मी तर भिंगं पुसायचं स्पिरिट तेवढं वाटलं. त्या दिवशी मी थाप मारली असती, तर तिला ती खरी वाटली असती.

जिना चढताना माझा श्वास फुलला. दारातच ओरडलो, “रिम्मा, उलटं दिसतं त्यात! सगळं उलटं! म्हणून खाली होता तो! वरच आहे, टोकही वरच आहे!”

ती खुर्चीत बसून बकव्हीटचे दाणे निवडत होती. बोटांनीच, डोळे खिडकीकडे.

“म्हणजे थाप दुरुस्त करायला तुला आठवडा लागला?” ती म्हणाली. “म्हातारा झालास, फिमा. पूर्वी जागच्या जागी करायचास.”

“शेजारणीला बोलावतो. तिला बघू दे.”

“नको. तीही चांगलीच बाई आहे. दिसला असंच म्हणेल.”

मी खाली बसलो. कपटा अजून मुठीत होता. तिने दाण्यांचं ताट बाजूला सारलं, चहाच्या डब्यातून चिप काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

“ही घेऊन जा. तुझ्या गोष्टीला लागेल.”

मग ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिचं बोट टेबलावरच्या मेणकापडावरून फिरत होतं. न बघता, न थांबता, पुन्हापुन्हा तीच एक बारीक रेघ. कमरेत वाकलेली. टोकाशी किंचित वर.