पाचव्या भागाचा कौल

लेखक माणसावर एवढा विश्वास टाकू नये, हे शेवंतीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. ‘पंखनाग’चे चार भाग तिला जवळजवळ पाठ होते आणि पाचव्यासाठी ती दोन वर्षं डोळे लावून बसली होती.

‘श्यामकांत’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कुणा गृहस्थाची ही मुलामुलींसाठीची अद्भुत कादंबरी. मिठागरावरच्या मजुराची पोर केतकी हिला खाऱ्या चिखलात एक तांबडं अंडं सापडतं. ती ते चुलीशेजारी ठेवून उबवते आणि त्यातून निघतो पंखांचा, आग ओकणारा नाग, ज्वालकेतू. राजाचं सैन्य त्याच्या मागे लागतं, मांत्रिक लागतात, पण पाठीवर बसू देतो तो फक्त केतकीला. चौथा भाग संपला तेव्हा ती दोघं ढगांच्या वर होती, आणि शेवटच्या ओळीखाली छापलं होतं की पाचवा आणि अखेरचा भाग येत्या दिवाळीत.

ती छप्पनची दिवाळी आली आणि गेली. मुंबईत गोळीबार झाले, संचारबंदी झाली, आणि छापखाना म्हणे संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं छापण्यात गुंतला. शेवंतीने मोठ्या मनाने माफ केलं. मुंबई मिळवायची तर केतकीने थोडं हवेत थांबायला हरकत नव्हती.

थांबली होती ती एकटी नव्हे. लालबागच्या त्यांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी दुपारी शेवंती गॅलरीत बसून मोठ्याने वाचायची आणि दहा-बारा बायका जिवाचा कान करून ऐकायच्या. सगळ्या मालवणकडच्या, गिरणीत राबणाऱ्या नाहीतर खानावळी चालवणाऱ्या. अक्षराशी एकीचीही ओळख नाही. त्यांच्या दृष्टीने मोठ्याने वाचतात ती पोथी. म्हणून पुस्तक पाटावर ठेवलं जाई, त्याला हळदकुंकू लागे, आणि वाचणाऱ्याने पुढचं आधी चोरून बघायचं नाही असा दंडक होता. ज्वालकेतूला तर त्यांनी पहिल्याच भागात गावच्या राखणदार देवाच्या रांगेत बसवला होता. शेवंती हसायची, पण दंडक पाळायची.

पुढच्या वर्षी दसऱ्याला शेवंतीसाठी स्थळ आलं. दौलत नावाचा मुलगा, वडाळ्याला रेल्वेच्या यार्डात कामाला, निर्व्यसनी. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, हीच मोठी पंचाईत. त्याच्या घरच्यांना लग्न माघात हवं होतं आणि शेवंतीची मॅट्रिकची परीक्षा मार्चात. लग्नानंतर सून परीक्षेला पाठवायची त्यांच्यात रीत नव्हती.

शेवंतीची आई गंगुबाई गिरणीत कांडी खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती. नवरा छातीचं दुखणं घेऊन गावी जाऊन पडलेला, त्यामुळे इथलं सगळं तिच्याच माथी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पोलिसाची लाठी तिच्या उजव्या खांद्यावर बसली होती, तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. खात्यात ती ते लपवून होती.

“उद्या ह्यो हात बसलो तर तुका कोण उजवतलो?” ती म्हणाली.

“मी मॅट्रिक झालंय तर मीच तुका पोसतलंय,” शेवंती म्हणाली.

दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी शेजारच्या कालिंदीकाकीने तोड काढली, गावाक कौल लावूया. त्यांच्या गावी देवळातल्या पाषाणाला तांदळाचे दाणे चिकटवतात आणि देवाला प्रश्न विचारतात. उजवीकडचा दाणा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. एकदा कौल मिळाला की त्यावर कुणी बोलायचं नाही. शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं मॅट्रिक तांदळाच्या दाण्यावर टांगायचं?

आणि तिथे तिची अक्कल नको तितकी पुढे धावली.

“गावाक कित्याक?” ती म्हणाली. “पाचवो भाग येताच आसा. तुम्ही त्येका पोथी म्हणतास ना? मगे तेचोच कौल लावा. केतकी शेवटाक उडत रवली तर मी परीक्षेक बसतलंय. ती संसाराक लागली तर मी पण लागतंय.”

बायकांना ते एकदम पटलं. गंगुबाईने बराच वेळ पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पाटाला हात लावून म्हणाली, “बरा. लागलो कौल.”

शेवंती मनातल्या मनात नाचली. हा कौल नव्हताच. चार भाग ज्याने केतकीला कुणापुढे मान लववू दिली नाही, तो माणूस पाचव्यात तिला चुलीपुढे बसवेल? श्यामकांतांना ती अशी ओळखत होती जणू ते शेजारच्या खोलीत राहत होते.

पुस्तक आलं ते मार्गशीर्षात. शाळेतल्या पद्मजाबाई फणसवाडीच्या एका वाचनालयाच्या सभासद होत्या आणि त्यांनी शेवंतीचं नाव यादीत पहिलं घालून ठेवलं होतं. शनिवारी ती ट्रामने गिरगावात गेली, प्रत घेतली आणि छातीशी धरून परत आली. त्या काळी नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच येत. पहिल्या वाचकाने ती फाडून सुटी करायची. बंद पानांच्या फटीतून एखादी ओळ दिसत होती. ट्रामभर शेवंतीने पुस्तकावर पालथा हात ठेवला आणि बाहेर बघत राहिली. इतकी ती प्रामाणिक होती, इतकी तिला खात्री होती.

रविवारी दुपारी गॅलरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बायकाही आल्या होत्या, कारण कौलाची गोष्ट चाळभर झाली होती. गंगुबाईने पुस्तकाला कुंकू लावलं आणि आपल्या अंबाड्यातला आकडा काढून लेकीच्या हातात दिला. त्या आकड्याने शेवंती पानं फाडत गेली. प्रत्येक वेळी कर्रर्र आवाज झाला की बायका सावरून बसत.

पहिली साठ पानं नुसत्या प्रवासाची. मग एक नवा राजपुत्र येतो अशी कुणकुण, मग एका ऋषीचं लांबलचक भाषण. ज्वालकेतू तर कुठे शिंकतही नव्हता. शेवंती स्वतःला समजावत होती. असेल काहीतरी. दोन वर्षं घेतलीयत माणसाने.

वाचताना तिची नजर जिभेच्या चार ओळी पुढे असायची. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं पान ती वाचत होती, तेव्हा ती नजर घसरून समोरच्या पानाच्या तळाशी गेली: ‘नागाची कात गळून पडली आणि तिथे एक सुकुमार राजपुत्र उभा राहिला. तो म्हणाला, केतकी, मी शापमुक्त झालो. आता तुला उडण्याचं कारण उरलं नाही.’

त्यापुढची पानं अजून बंद होती.

शेवंतीच्या कानात गिरणीचा भोंगा वाजावा तसं झालं. हा माणूस! पाच भाग, दोन वर्षं, आणि शेवटी गाठोड्यातून काढलं काय, तर शाप आणि राजपुत्र! एवढंच सांगायचं होतं तर अंडं कशाला उबवून घेतलं तिच्याकडून? चीड अशी दाटली की अक्षरं दिसेनाशी झाली.

“वाच गो,” कुणीतरी म्हणालं.

आणि शेवंती वाचू लागली. पुस्तक उघडं, नजर पानावर, आवाज तोच. “केतकीने ज्वालकेतूच्या मानेवर थोपटलं,” ती वाचत होती. “राजाने खालून हाक मारली, अर्धं राज्य देतो, खाली ये. केतकी म्हणाली, मला राज्य नको. मला अजून सगळं आकाश बघायचं आहे. ते बघून झालं की मीच येईन आणि माझ्या बापाला मिठातून उचलून नेईन.” त्या दोघांना तिने समुद्रावरून नेलं, डोंगरांवरून नेलं, थांबवलं कुठेच नाही. आजवर तिने असं छान कधी वाचलं नव्हतं. मग तिने म्हटलं, “समाप्त,” आणि पुस्तक मिटलं.

बायका पुढच्या पानाची वाट बघत तशाच बसल्या.

“संपला?” कालिंदीकाकी हिरमुसून म्हणाली. “लगीन नाय, काय नाय? मगे त्या चेडवाचा पुढे काय जाला?”

गंगुबाईचे डोळे भरले होते. पोथी संपल्यावर करतात तसं तिने पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं, पदराने पुसलं. पुसता पुसता तिचा अंगठा कडेवरून फिरला आणि शेवटाशी अडला. तिने पुन्हा फिरवला. वाचता येत नव्हतं, पण सुताचा एक धागा चुकला तरी त्या बोटांना कळायचं.

“शेवंते,” ती म्हणाली, “ही पानां बंदच रवली गो.”

सगळ्या बायकांनी बघितलं. शेवंतीने पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला.

“ती... जाहिराती आसत आये.”

“आसांदेत. कौलाची पोथी आसा, अर्धी ठेवची नाय.” गंगुबाईने पाटावरचा आकडा उचलून पुढे केला. “फाड. वाच.”

शेवंतीने आकडा घेतला. यावेळचा कर्रर्र तिला दातात जाणवला. खोटं बोलायची ताकद एका वेळेपुरतीच होती, ती संपली. तिने कात गळाल्यापासून सगळं वाचलं. राजपुत्र, मंडप, शालू, नगरजनांचा जयजयकार. शेवटची ओळही वाचली: ‘त्यानंतर केतकीने पुन्हा कधी आकाशाकडे पाहिलं नाही, तिला सगळं घरातच मिळालं होतं.’

आणि बायका खूश झाल्या! हेच सगळ्यांत वाईट होतं. कालिंदीकाकीने तर टाळी दिली. “मी सांगी नव्हतंय? तो मनीस आसतलो म्हणान! बरा जाला बाय, मार्गाक लागली.” मघाचं ते काय होतं, हे कुणी विचारलंही नाही, पोरगी घाईत पानं चुकली असेल असंच सगळ्यांनी धरलं. कुणी साखर आणली. शेवंतीच्या तळहातावरही चिमूटभर ठेवली आणि कुणीतरी तिची हनुवटी धरून म्हटलं, “आता तुझी पाळी.” शेवंतीला ती साखर श्यामकांत नावाच्या माणसाच्या तोंडावर फेकावीशी वाटली. तो कुठेतरी चहा पीत बसला असेल. त्याने कुणाला काय केलं हे त्याला कधी कळणारही नव्हतं.

बायका पांगल्या. गंगुबाई पाट उचलून आत आली आणि भिंतीला टेकवून उभी राहिली.

“तुका कळला होता,” शेवंती म्हणाली. रडू तिला येत नव्हतं, नुसती आग होत होती. “मी माज्या मनातला सांगी होतंय, ता तुका कळला होता. होय ना?”

“कळला. केतकी तुज्यासारखी बोलूक लागली तवाच कळला.”

“मगे गप रवाचा! कोणाक कळणार होता? बंद पानां कित्याक फाडूक लावलंस?”

गंगुबाईने दुखरा खांदा दुसऱ्या हाताने दाबून धरला.

“माका वाटला,” ती म्हणाली, “तू सांगलंस तसाच आत लिवलेला आसात. तू वाचलं नाय, तरी तेच आसतला. मगे सगळ्यांसमोर तुजोच कौल खरो जातलो होतो.”

शेवंतीला आईकडे बघवेना. दोघी मिळून त्या एकाच माणसावर विसंबल्या होत्या, आणि त्याने दोघींच्याही तोंडाला पानं पुसली होती.

“आता तुज्या मनातलोच कौल धरूक येयत नाय?” तिने हळूच विचारून पाहिलं.

“लागलेलो कौल मोडुचो नाय चेडवा,” गंगुबाई म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

सोमवारी शाळा सुटल्यावर शेवंती फणसवाडीत पुस्तक परत करायला गेली. यादीतली दुसरी मुलगी पायरीवर वाट बघत उभी होती, दोन वेण्यांची, बारा-तेरा वर्षांची. तिने पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं.

“केतकी शेवटी उडते ना हो ताई?” तिने विचारलं. “एवढंच सांगा.”

“पानं फाडून ठेवली आहेत,” शेवंती म्हणाली, आणि ट्रामकडे चालू लागली.