कोंबड्याविरुद्धची तक्रार

साबुकंदाच्या सालींवरचा वेनिंगचा प्रबंध लिहून तयार होता, पण तोंडी परीक्षेच्या नुसत्या विचारानं ती धास्तावायची. सरावाच्या वेळी सरांनी विचारलं, "प्रश्न कळला ना?" न कळताच ती "हो सर" म्हणाली आणि पुढे मख्ख उभी राहिली. खरी परीक्षाही अशीच गेली, तर पदवी हातची जाणार होती.

विद्यापीठानं तिची गाठ समुपदेशक लारास यांच्याशी घालून दिली; तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना इबू, म्हणजे आई, म्हणत. वेनिंग जावा बेटावरच्या मलांग शहरात आपल्या खोलीत, इबू दूर सोलो शहरातल्या घरी, मध्ये लॅपटॉप. इबू श्वासाचा व्यायाम करून घ्यायच्या आणि विचारायच्या, "बरं वाटलं का, पोरी?"

"हो, इबू."

बरं वाटत नव्हतं. पण वडीलधारं माणूस एवढं झटतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? जावातल्या मुलींच्या जिभेला ते वळणच नसतं.

एकदा इबूंनी चष्मा काढला. "मीही जावाचीच गं. तुझ्या 'हो'ला चव नाही. पुढच्या वेळी माझ्याविरुद्ध एक तक्रार घेऊन ये. नाही आणलीस तर तोंड दाखवू नकोस!"

पुढच्या भेटीत वेनिंगनं डोळे मिटून सांगून टाकलं, "इबू, तुमचा कोंबडा. मी श्वास सोडायला लागले की तो आरवतो. मग मी श्वास विसरून त्याचीच वाट बघत बसते."

तेवढ्यात कोंबडा आरवला. इबू हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. "अगं, आधी नाही का सांगायचं? मेला मलाही छळतो!" त्यांनी उठून त्याला परसात कोंडलं. त्या रागावल्या नाहीत, हे वेनिंगला कितीतरी वेळ खरंच वाटेना. त्या दिवशी श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत पोचला.

परीक्षेतला पहिलाच प्रश्न डोक्यावरून गेला.

"कळला ना?"

'हो' ओठांवर आलंच होतं. तिला कोंबडा आठवला.

"नाही सर. पुन्हा विचाराल का?"

सरांनी प्रश्न सोपा करून विचारला. उत्तर तिला येत होतं.

संध्याकाळी पडद्यावर इबू दिसताच वेनिंगचे डोळे भरून आले. "पास झाले, इबू. तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? कोंबड्याचे म्हण. आता देवाचे आभार मानायला जेवण घालावं लागणार. त्यालाच नारळाच्या रसात शिजवू का?"

"नाही, इबू!" वेनिंग ताडकन म्हणाली.

इबूंनी जीभ टाळ्याला लावून चट्ट आवाज केला. "हे 'नाही' चवदार!"