वाटाण्याच्या मुळांचे साडेसात तास

सुट्टीचा दिवस, त्यामुळे प्रयोगशाळेत ती एकटीच होती. तसं एरवीही तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे, पण निदान शेजारच्या टेबलावर बाटल्यांची खुडबुड तरी असायची.

दोन होण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. वाटाण्याच्या मुळातल्या पेशीला त्यासाठी किती वेळ लागतो, एवढंच तिला मोजायचं होतं. सकाळीच तिने कोवळी मुळं थोडा वेळ एका द्रावणात बुडवून काढली. त्या घडीला ज्या पेशी नक्कल करत होत्या, त्यांच्यावर खूण बसली. आता दर तासाला काही टोकं कापून ठेवायची. दोन होणाऱ्या पेशींत खुणेच्या पेशी कधी दिसू लागतात नि कधी दिसेनाशा होतात, त्यावरून हिशेब लागणार होता. मागच्या खेपेला मुळं कुजून सगळं मुसळ केरात गेलं होतं.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. आई गेल्यापासून दोघींचं बोलणं जेवढ्यास तेवढंच.

"ताई, माझी गाडी तुझ्या गावावरून चाललीय. स्टेशनवर जरा थांबेल. येतेस?"

"प्रयोग मध्यावर आहे गं. मुळं कापायचीत."

"वाटाण्यांना म्हणावं, जरा दम धरा."

"ते कुणाचं ऐकत नाहीत."

"तुझ्यावर गेलेत मग." बहीण हसली, पण कोरडंच. "आईच्या वेळीही काहीतरी मध्यावरच होतं. राहू दे."

फोन बंद झाला. तिने पातं उचललं, पण नजर फोनकडेच जात होती. दोन टोकं चेचली गेली. मग तिने पातं ठेवलं आणि अंगात एप्रन तसाच असताना बाहेर पडून रिक्षा गाठली.

गाडी उभी होती. खिडकीत बहीण दिसली. केस पार पांढरे झालेले.

"आलीस?"

"आले."

तिने विचारलं, "गुडघा कसा आहे?" "बरा आहे." बहिणीने खिडकीतून हात बाहेर काढला, तिने तो धरला. गाडी हलली तेव्हा सोडावाच लागला.

परत येऊन तिने उरलेली टोकं कापली खरी, पण आलेखात नेमकं मधेच भगदाड पडलं. विभागप्रमुख म्हणाले, "पुन्हा करा." तिने कारण सांगितलं नाही. नवे वाटाणे भिजत घातले.

या वेळी कुणाचा फोन आला नाही. एकही टोक चुकलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी संपली आणि आकडा लागला.

"साडेसात तास," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. आपलाच आवाज ऐकून ती थोडी ओशाळली. मग तेवढेच दोन शब्द तिने बहिणीला पाठवले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "कसले गं?"

तिने खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं लिहायला घेतलं.