खंडेनवमीचा कॉम्प्युटर

कामिनी टेबलाखाली पालथी पडून कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारत होती. सीपीयूचा पंखा घरघरत होता, हिरवा दिवाही लागला होता, मॉनिटर मात्र काळाठिक्कर. मधूनच त्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरं उमटायची आणि विझायची.

"काही दिसतंय का?" तिच्या सासऱ्यांनी, श्रीधररावांनी, खुर्चीतूनच विचारलं.

तिनं टॉर्चचा उजेड बराच वेळ एकाच जागी धरला. मग बाहेर आली आणि केसांतलं जाळं झटकू लागली.

"मले काही समजून नाही राहिलं, बाबा."

"समजणार कसं? चालता-बोलता कॉम्प्युटर होता. काल तुझ्या भावाचा हात लागला आणि बसला."

श्रीधररावांनी हे कालही म्हटलं होतं, आणि काल ऐकायला घर भरलेलं होतं. खंडेनवमी होती. त्यांच्याकडे नवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते, पण तलवारी-भाले कधीच गेले, उरले विळी, सुताराची हातोडी, मुलाची, सुमंतची, मोटार आणि कॉम्प्युटर. सीपीयू दरवर्षी देवापुढच्या पाटावर जायचा, त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं, झेंडूचा हार पडायचा. उचलून नेणं आणि पुन्हा जागेवर आणून जोडणं, ही दोन्ही कामं श्रीधरराव दुसऱ्या कुणाला करू देत नसत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे एखादं तरी खातं हवंच.

दुपारी कामिनीचा भाऊ पियुष सावनेरहून आला. शेतातल्या झेंडूची पिशवी भरून आणली होती. बहिणीला गावाकडचे फोटो दाखवावेत म्हणून त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. पडदा उजळलाच नाही. तेव्हा श्रीधरराव शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले होते, "विचारून हात लावावा माणसानं. हे काय शेतातलं इंजिन आहे, दोरी ओढली की सुरू?" पियुषनं पेनड्राइव्ह खिशात घातला. समोर आलेला चहा तसाच ठेवून तो निघून गेला. जाताना नमस्कार करायला मात्र विसरला नाही.

आज दसरा. संध्याकाळी कामिनी आणि सुमंत सोनं द्यायला सावनेरला जाणार होते.

"मी तिकडे काय तोंड घेऊन जाऊ, ते सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रातभर झोपला नाही तो. आईचा फोन होता."

श्रीधररावांनी चष्मा पुसला.

सदर भागातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सणामुळे बंद होतं, पण तिथल्या रविंद्रनं फोन उचलला. कामिनीनं स्पीकर लावला. त्यानं सांगितलं तसं तिनं सीपीयूचं झाकण काढलं, आतली रॅमची पट्टी उपसली, तिचं सोनेरी टोक खोडरबरानं घासलं आणि पट्टी पुन्हा बसवली. पडदा काळाच.

"मंग मागची मॉनिटरची वायर पाहा," रविंद्र म्हणाला. "सारख्याच दोन जागा असतात. तुमच्या मशीनले पडद्यासाठी वेगळं कार्ड लावलेलं आहे, म्हणून खालच्या जागेत पाहिजे. वरच्या जागेत घातली तर काही येत नाही."

"मले पुऱ्या लाटायच्या आहेत," कामिनी फोन ठेवत म्हणाली. "तुम्हीच पाहा, बाबा."

ती स्वयंपाकघरात गेली. श्रीधरराव कुरकुरत गुडघ्यांवर बसले. टेबलाखाली टॉर्च तसाच जळत पडला होता. "सेल काय झाडाला लागतात?" ते पुटपुटले, आणि टॉर्च उचलायला वाकले तसे वाकलेलेच राहिले.

उजेड नेमका वायरच्या टोकावर पडला होता. वायर वरच्या जागेत होती, आणि तिच्या काळ्या टोकावर कुंकवाच्या अंगठ्याचा ठसा लख्ख उमटला होता. घरात पूजा एकच माणूस करत होता.

त्यांना सगळं आठवलं. ओल्या कुंकवाचे हात, दुखणारी कंबर, आणि जिथे बसली तिथे दाबून दिलेली वायर. त्यांनी वायर काढून खालच्या जागेत घातली आणि धोतराच्या सोग्यानं ठसा पुसून टाकला. वर पडदा उजळला. त्यावर सुमंत-कामिनीच्या लग्नाचा फोटो आला, कडेला पियुष फेटा सावरत हसत होता.

"आला गं बाई!" पत्नी चारुशीला दारातून ओरडली. "कामिनी, बघ, यांनी दुरुस्त केला!"

कामिनी पिठाच्या हातांनी आली. "कसा आला, बाबा?"

"वायर जरा... हलवली."

तिनं मान हलवली. मग भावाला फोन लावून सांगितलं, आणि फोन सासऱ्यांच्या कानाशी धरला.

"काकाजी," पलीकडून पियुष म्हणाला, "चुकी माहीच होती. न विचारता म्या हात लावाले नव्हता पाहिजे. माफ करा."

श्रीधररावांचे ओठ हलले. "असू दे, असू दे," एवढंच बाहेर पडलं. आपल्याच तोंडची ती उदार माफी ऐकून त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दुपारी श्रीखंडाची वाटी त्यांनी तशीच बाजूला सरकवली. चारुशीलाबाईंनी शेजारणीला कॉम्प्युटरची कथा ऐकवली, तेव्हा ते उठून गच्चीवर गेले.

संध्याकाळी सुमंत गाडी काढत होता. श्रीधरराव टोपी घालून फाटकाशी उभे होते.

"तुम्ही?" चारुशीलाबाई म्हणाल्या. "आपण मुलाकडचे. मोठ्यांनी कधी लहानाच्या दारी सोनं न्यावं का?"

ते गाडीत जाऊन बसले.

सावनेरला अंगणात खाटा टाकलेल्या होत्या. कामिनीचे वडील चंद्रभानजी, भाऊबंद, गल्लीतली माणसं, सगळी जमलेली. पियुष आपट्याची पानं घेऊन पुढे आला आणि पायाशी वाकू लागला. श्रीधररावांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि आपल्याकडची पानं आधी त्याच्या हातात ठेवली.

"पियुष, काल मी चारचौघांत बोललो, म्हणून आजही चारचौघांत सांगतो. वायर चुकीच्या जागी मीच लावली होती. पूजेनंतर. तुझा काही दोष नव्हता. आणि सकाळी कळलं, तरी फोनवर मी बोललो नाही."

खाटांवरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पियुष हातातल्या पानांकडे पाहत राहिला.

"बसा ना, काकाजी," शेवटी तो म्हणाला. "कालचा चहा राहिला होता. आज दोघं मिळून घेऊ."

परतताना गाडीत अंधार होता. सुमंत समोर बघून चालवत होता. सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं, एका कामिनीला सोडून. हे श्रीधररावांच्या आत्ता ध्यानात आलं.

"कामिनी," ते मागे न वळता म्हणाले, "सकाळी तो टॉर्च तू सुरूच ठेवून गेलीस."

कामिनीनं मांडीवरची आपट्याची पानं सारखी केली.

"तुम्हाले नीट दिसावं म्हणून, बाबा," ती म्हणाली.