बोटभर आखूड पाय

मित्रांनो, मी चाललेलो आहे असं सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा! पण मी एक जुना लोखंडी पलंग असून उरवड्याच्या जयसिंगांच्या माडीवर भिंतीपासून थेट दारापर्यंत चाललो आहे, तेही भरदिवसा. माझा आवाज पार लांबच्या धरणाच्या भिंतीवर आपटून परत आलेला मी स्वतः ऐकला आहे.

माझा जन्म पिरंगुटला, विश्राम वेल्डरच्या शेडमध्ये झाला. घाईघाईत त्याने माझा एक पाय बोटभर आखूड कापला. "खाली पुठ्ठा लावा, बास," म्हणत त्याने मला टेम्पोत चढवलं. पुठ्ठा लागला आणि मी गप्प झालो.

माझ्यावर जयसिंगांची दीपाली झोपायची. कंपनीत रात्रपाळी करून सकाळी यायची, पाठ टेकताच तिचा डोळा लागायचा. जागेपणी तिला कधी काही झालं नाही. झोपेतच हातपाय ताठ व्हायचे, मग सगळं अंग झटके द्यायचं. पहिल्यांदा हे तिच्या आईने, तुळजाबाईंनी पाहिलं, तेही वाळवण काढायला वर आल्या म्हणून. त्यांनी घाबरून लेकीच्या नाकाला कांदा लावला. शेजारची कोंडाबाई चप्पल घेऊन धावली. दीपाली शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावलेली होती आणि तिला काहीच आठवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि जवळ थांबा. गोळी चुकवू नका. आणि ती रात्रपाळी सोडा."

पाळी बदलायची तर कंपनीत आजार सांगावा लागणार होता. "गावभर फेपरं फेपरं व्हईल," जयसिंग म्हणाले. "मग पोरीला करून कोन घेईल?" पाळी तशीच राहिली.

त्या दिवशी तुळजाबाईंनी माझ्या पायाखालचा पुठ्ठा ओढून काढला. "वाजू दे मेल्याला. मला खाली कळंल तरी."

मित्रांनो, व्यंगाचं एवढं कौतुक कुणाचं झालं असेल? फिट आली की मी खडखडायचो, फरशीवरून सरकायचो आणि तुळजाबाई पिठाच्या हातांनी जिना चढायच्या. नंतर दीपाली माझ्या दांडीवर थोपटायची. "आज कुटवर जाऊन आलास रं?"

पुढे भूगावचं स्थळ आलं. पाहुणे तारीख धरायला यायचे होते, त्या सकाळी दीपाली पाळीवरून आली. "तोंड उतरलंय तुजं. घटकाभर पड," आई म्हणाली. ती पडली. खाली गाडी थांबली, कपबशा वाजल्या आणि वर झटके सुरू झाले. मग काय सांगू! मी असा खडखडलो की पाहुण्यांच्या हातातला चहा हिंदकळला. तुळजाबाई धावत आल्या, त्यांनी तिला कुशीवर वळवलं. दीपाली उठली, तोंड धुतलं, आणि आता ती भूगावला सुखाने नांदते आहे. म्हणून तर मी रिकामा झालो आणि इथे गोठ्यात, तिची गोधडी पोटावर घेऊन, गंजत पडलो आहे.

तेव्हा बाळांनो, घरात कुणाला झोपेत झटके येत असतील तर लपवू नका. त्यात लाज कसली? औषध द्या, पुरती झोप द्या, आणि माझ्यासारख्या खडखडणाऱ्या पलंगाला...

"खोटं बोलतुयास."

ही गोधडी. इतक्या दिवसांत एक शब्द बोलली नव्हती.

"कुटलं भूगाव? आदल्या सांजंला जयसिंगानं सायकलची रबरी ट्यूब कापून तुज्या चारी पायांना बांधली. पाव्हण्यांना आवाज नगं म्हनून. तुळजाला बी सांगितलं न्हाई. मी हुते पोरीच्या अंगावर, पार गार व्हईस्तवर. आन् खाली तुळजा बशा देता देता कोंडाबाईला म्हनत हुती, आज पलंग वाजला न्हाई बग. पोरीला चांगली झोप लागलीया."