रानडुकरांना न कळणारा रेडिओ

बोरी अरबच्या शिवारात नानाजींची तूर शेंगांनी लवली आणि रानडुकरांनी तिच्यावर हक्कच सांगितला. डबे वाजवून झाले, फटाके फोडून झाले. नानाजींचा सदरा घालून बुजगावणं उभं केलं, तर डुकरं त्यालाच अंग घासू लागली. शेवटी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक लहानसा रेडिओ लावून ठेवला. पहिल्या आठवड्यात माणसाचा आवाज ऐकून कळप पळाला. दुसऱ्यात थांबून ऐकू लागला. तिसऱ्यात शेतकी कार्यक्रमात कुणीतरी भरलेली शेंग कशी ओळखावी ते सांगितलं, आणि सकाळी पाहावं तर नेमक्या भरलेल्या ओळी साफ!

नानाजींच्या बायकोनं, लीलाबाईंनी, काय ते ओळखलं. डुकरं मराठी शिकली होती. हिंदीचा तर प्रश्नच नव्हता. या जिल्ह्यात हिंदी कोणाला येत नाही?

"त्याईले न समजनारं काही पाह्यजे," त्या म्हणाल्या. "परदेशातलं."

"मंग परदेशातून मानूस आनू काय आता?"

"मानूस कायले? आवाज पुरे."

लांबच्या देशांची स्टेशनं शॉर्टवेव्हवर लागतात, एवढं लीलाबाईंच्या कानावर होतं. असा रेडिओ पारखायचा कसा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण तूर गेली की वर्ष गेलं. म्हणून दारव्ह्याच्या बाजारात, जुने रेडिओ दुरुस्त करून विकणाऱ्या धावजीच्या ताडपत्रीपुढं दोघं जाऊन बसले.

नानाजींचा जीव लगेच एका चकचकीत, चिक्कार बटणांच्या रेडिओवर बसला. लीलाबाईंनी तो लावला. नुसतीच खरखर.

"दुपारी दूरचं कमी येते, मावशी," धावजी म्हणाला. "दिवस बुडू द्या. बसा, चहा घ्या."

"दिवस बुडला की जीप जाते आमची," नानाजी कुरकुरले.

"तुमी जा. जाता जाता खाऊन टाका तूर म्हना डुकरांले," लीलाबाई म्हणाल्या. नानाजी बसले.

ऊन कललं तसं धावजीनं समोरच्या लिंबावर एक लांब तार फेकली. तिचं टोक चकचकीत रेडिओला लावलं, तर त्यात चार देश एकदमच बोलू लागले. कोणाचंच कोणाला ऐकू जाईना.

"हे तर आपली ग्रामसभा झाली," लीलाबाई म्हणाल्या. "दुसरा दाखव."

दुसरा काट्याऐवजी आकडे दाखवणारा होता. आवाज स्वच्छ, एक बाई फार गोड बोलत होती.

"नको रे बाबा. हिचं ऐकून डुकरं जावयासारखी मुक्कामाले येतीन."

तिसऱ्याची पेटी तडकलेली होती आणि बटण फिरवायला पकड लागत होती. लीलाबाईंनी ते हळूहळू फिरवलं. कुठल्याशा मुलखातला एक माणूस असा काही कडाडला, की ताडपत्रीच्या कडेला झोपलेलं कुत्रं शेपूट पायात घालून थेट बसस्टँडच्या दिशेनं गेलं.

"काय बोलून राह्यला तो?" नानाजींनी विचारलं.

"मले समजत नाही. तेच तर पाह्यजे."

पण लीलाबाई हुरळल्या नाहीत. त्यांनी रेडिओ हलवला, उलटा केला, थापटला. माणूस ओरडतच राहिला. चहा संपेस्तोवर स्टेशन तसूभरही सरकलं नाही. मग सेलची जागा उघडून आतला हिरवा गंज धावजीकडून घासून घेतला, वर तारही मागून घेतली.

"मावशी, तुमी पह्यल्यांदाच घेऊन राह्यल्या ना?" धावजी म्हणाला. "अशी तर कोनी नवरी पाह्यत नाही."

"नवरीले कुठं तुरीत बसवाचं असते?"

धुऱ्यावर लावल्यावर रेडिओतल्या त्या माणसानं काम चोख केलं. तुरीत खूर पडला नाही. एकदा म्हणे त्यानं अशी काही शिवी हासडली, की कळपातलं म्हातारं डुक्कर धुऱ्यावरच घेरी येऊन पडलं.

मग एका सकाळी नानाजी धापा टाकत घरी आले. "अवं, शेंग एक नाही खाल्ली. पन धुऱ्यावर बसल्याच्या खुना हायेत. ओळीनं. लहान पिल्लं पुढं, मोठी मागं. तोंडं समदी रेडिओकडं!"

लीलाबाईंची भाकर तव्यावरच राहिली.

"म्हंजे शिकून राह्यली," त्या म्हणाल्या. "मजूर बोलवा. पूर्न शिकाच्या आधी तूर घरी आली पाह्यजे."

थोडी हिरवट होती, तरी त्यांनी वाट पाहिली नाही. सोंगणी झाली, पेंढ्या बैलगाडीत चढल्या, शेवटची खेप घराकडे निघाली. धुऱ्यापलीकडच्या झुडपांत चारसहा कान हलत होते. नानाजी रेडिओ काढायला वळले, तर लीलाबाईंनी गाडीतूनच हाक मारली.

"राहू द्या आजच्या दिवस. शिकता शिकता मधातच कायले तोडता?"